प्लाझ्मा एक्स्चेंजसाठी कोकणातल्या रुग्णाला घाट चढावा लागू नये

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरी
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

विषय : शासकीय रुग्णालयांत प्लाझ्मा एक्स्चेंजची सोय उभी करणे आणि ती कशी उभी करावी याबाबत

सन्माननीय महोदय, महोदया,

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव या भागात जीबीएसचे, म्हणजे गुलेन बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातला प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा द्रव) बदलण्याचा उपचार, हा शब्द घरोघरी पोचला. हा आजार कोकणातही होतो. फरक इतकाच, की तो एकेकट्या रुग्णाच्या रूपाने येतो आणि त्याची बातमी होत नाही. जुलाब होऊन आठ-पंधरा दिवस झालेले असतात, पायांत मुंग्या येतात, जिना चढवत नाही, मग बसलेल्या जागेवरून उठवत नाही. अशा रुग्णाला मग रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूरला, सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीला, रायगडातून नवी मुंबईला किंवा मुंबईला हलवलं जातं. पावसात दरड आली की एवढाही रस्ता उरत नाही.

आम्ही डायलिसिस, रक्तकेंद्र आणि अतिदक्षता विभागात काम करणारे लोक आहोत. तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत, डायलिसिस रोज चालतं, कॅथेटर टाकणारे हात आहेत. प्लाझ्मा एक्स्चेंज इथे होऊ शकतं. मात्र अशी मागणी झाली की पहिला प्रस्ताव यंत्राच्या खरेदीचा निघतो आणि यंत्र आल्यावर अल्ब्युमिन (प्लाझ्माच्या बदली द्यायचं प्रथिनाचं द्रावण) नाही, फिल्टर नाही, कॅल्शियमचा हिशोब कोणाला ठाऊक नाही, अशा कारणांनी ते कोपऱ्यात झाकून ठेवलं जातं. म्हणून आमचं म्हणणं उलट्या टोकाने ऐका : यंत्राची खरेदी शेवटी करा, बाकीचं सगळं आधी.

प्रक्रिया अशी. रुग्णाचं रक्त बाहेर घ्यायचं, त्यातला प्लाझ्मा वेगळा करून टाकून द्यायचा, पेशी परत द्यायच्या आणि काढलेल्या प्लाझ्माइतकाच दुसरा द्रव सोबत द्यायचा. आजार करणारी अँटिबॉडी प्लाझ्मात असते, ती त्याबरोबर निघून जाते. किती प्लाझ्मा काढायचा ते वजन आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, यांवरून ठरतं : वजन किलोत, गुणिले ०.०६५, गुणिले एक वजा हिमॅटोक्रिट. ६० किलोचा माणूस, हिमॅटोक्रिट ३५ टक्के, तर ६० × ०.०६५ × ०.६५, म्हणजे सुमारे २.५ लिटर. हा झाला एक प्लाझ्मा व्हॉल्यूम. एका बैठकीत एक ते दीड व्हॉल्यूम बदलतात. एक बदलला की रक्तातली सुमारे ६३ टक्के अँटिबॉडी जाते, दीड बदलला की ७८ टक्के, दोन बदलले तरी ८६. म्हणजे दीडच्या पुढे खर्च आणि वेळ वाढतो, फायदा फारसा वाढत नाही. "जास्त काढलं तर लवकर बरा होईल" ही नातेवाइकांची समजूत असते. कधीकधी ती डॉक्टरांचीही असते.

आणि एका बैठकीत काम का भागत नाही, तेही सगळ्यांना माहीत असायला हवं. आयजीजी प्रकारच्या अँटिबॉडीपैकी निम्म्याहून कमी भाग रक्तात असतो, बाकीचा ऊतींमध्ये. पंप लावून विहीर उपसली तरी झरे ती पुन्हा भरतात, तसं दिवस-दीड दिवसात ऊतींतली अँटिबॉडी रक्तात उतरते. म्हणून एक दिवसाआड बैठका घेतात. जीबीएसमध्ये एकूण २०० ते २५० मिली प्रतिकिलो इतका प्लाझ्मा चार ते सहा बैठकांत, साधारण एक ते दोन आठवड्यांत बदलायचा असतो. चालता न येणाऱ्या रुग्णात लक्षणं सुरू झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत उपचार सुरू केला तर फायदा होतो, पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त. उत्तर अमेरिकेतल्या १९८५ च्या आणि फ्रान्समधल्या १९८७ च्या चाचण्यांपासून हे सिद्ध आहे. पुढे १९९७ मध्ये फ्रेंच गटानेच दाखवलं की सौम्य रुग्णाला दोन बैठकाही उपयोगी पडतात, मध्यम आणि गंभीर रुग्णाला चार लागतात आणि गंभीर रुग्णात सहा बैठका चारपेक्षा सरस ठरत नाहीत. मर्यादित अल्ब्युमिनवर चालणाऱ्या जिल्हा रुग्णालयाला हा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे.

"त्यापेक्षा आयव्हीआयजी (दात्यांच्या प्लाझ्मातल्या अँटिबॉडीचं औषध) द्या, शिरेतून सोडलं की झालं," असं कोणी म्हणेल. खरं आहे, जीबीएसमध्ये दोन्हींचा परिणाम सारखाच आहे. लहान मुलांत आणि रक्तदाब सतत वरखाली होणाऱ्या रुग्णांत आम्हीही आयव्हीआयजीच निवडू. पण मात्रा २ ग्रॅम प्रतिकिलो आहे. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम लागतं. ते महाग आहे आणि साथीच्या काळात बाजारातून गायब होतं. शिवाय खाली सांगितलेल्या काही आजारांत आयव्हीआयजी प्लाझ्मा एक्स्चेंजची जागा घेऊ शकत नाही. एक गोष्ट मात्र भिंतीवर लिहून ठेवावी : आयव्हीआयजी दिल्यावर लगेच प्लाझ्मा एक्स्चेंज करू नये, दिलेलं औषधच पिशवीत जातं. दोन्ही एकामागोमाग केल्याने निकाल लक्षणीय सुधारत नाही, हेही १९९७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

आता कोकणातले रुग्ण कोणते ते बघू, कारण सोय कोणासाठी हे ठरल्याशिवाय साठा ठरत नाही.

जीबीएस आणि मायस्थेनियाचा (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराचा) क्रायसिस, म्हणजे त्यात श्वासाचे स्नायू थकणं, हे नेहमीचे. पण जीबीएस म्हणण्याआधी दोन गोष्टी इथे तपासल्याच पाहिजेत. पहिली, पोटॅशियम. पोटॅशियम खूप उतरलं की हातपाय असेच लुळे पडतात आणि ते काही तासांत भरून निघतं. दुसरी, मण्यार. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, दंशाची खूण सापडत नाही. मण्यारीच्या विषात अशक्तपणा डोळ्यांपासून खाली उतरतो आणि तासांत वाढतो. जीबीएसमध्ये बहुतेक वेळा तो पायांतून वर चढतो, दिवसांत वाढतो आणि गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया जाते. मण्यारीच्या रुग्णाला प्रतिविष आणि व्हेंटिलेटर लागतो. तिथे प्लाझ्मा एक्स्चेंज करणं चूक, कारण दिलेलं प्रतिविषही त्यात निघून जाईल. घोणस आणि फुरसं चावलेल्यांनाही हाच नियम : प्रतिविष हाच उपचार.

पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की कोकणात डेंग्यू किंवा लेप्टो हे उत्तर तयार असतं आणि बहुतेकदा ते बरोबरही असतं. त्यातूनच टीटीपीचा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन प्लेटलेट संपत जाणाऱ्या आजाराचा रुग्ण निसटतो. प्लेटलेट फार कमी, हिमोग्लोबिन उतरलेलं, एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं, पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या मात्र जवळपास नॉर्मल, आणि रुग्ण असंबद्ध बोलतोय, असं चित्र असेल तर पॅथॉलॉजिस्टला फोन करून स्लाईडवर तुटक्या तांबड्या पेशी आहेत का, एवढंच विचारा. उपचाराविना या आजारात दहातले नऊ रुग्ण दगावतात. कॅनडातल्या १९९१ च्या चाचणीने दाखवलं की नुसता प्लाझ्मा चढवण्यापेक्षा प्लाझ्मा एक्स्चेंजने अधिक जीव वाचतात. इथे बदली द्रव अल्ब्युमिन चालत नाही, एफएफपीच, म्हणजे दात्याचा ताजा गोठवलेला प्लाझ्माच लागतो, कारण रुग्णात अ‍ॅडॅमटीएस-१३ हे एन्झाइम कमी असतं आणि ते दात्याच्या प्लाझ्मातून मिळतं. बैठक रोज घ्यायची, प्लेटलेट सलग दोन दिवस दीड लाखाच्या वर राहेपर्यंत. सोबत स्टेरॉइड. जिवावर बेतणारा रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवू नयेत.

उंदीर मारण्याच्या औषधाच्या रुग्णात पाकीट मागवून बघणं हा निम्मा उपचार आहे. पिवळ्या फॉस्फरसचा लगदा, झिंक फॉस्फाइडची पूड आणि रक्त पातळ करणारी वडी, ही तीन वेगळी विषं आहेत. वडीवर व्हिटॅमिन के चालतं, लगद्यावर ते पुरत नाही. लगदा पोटात गेलेला माणूस पहिले एक-दोन दिवस ठणठणीत दिसतो, घरी सोडला जातो आणि कावीळ घेऊन परत येतो. अशाला रोज पीटी-आयएनआर आणि यकृताच्या तपासण्या करत चार-पाच दिवस तरी ठेवून घ्या. यकृत ढासळू लागलं तर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने कमी मात्रेचं, म्हणजे साधारण अर्ध्या प्लाझ्मा व्हॉल्यूमचं एक्स्चेंज वापरून अनुभव जमवला आहे. यकृत प्रत्यारोपण आवाक्यात नसलेल्या आमच्या भागाला तो रस्ता महत्त्वाचा आहे. आणि या रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच वेळी, त्याच वॉर्डात भेटायला हवं.

लेप्टोबद्दल मात्र हात आखडता घ्या. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचे गंभीर रुग्ण येतात, फुफ्फुसातून रक्तस्राव होतो, तेव्हा प्लाझ्मा एक्स्चेंज करून पाहिल्याचे अहवाल आहेत, पण पुरावा तोकडा आहे. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायाक्झोन वेळेत, डायलिसिस वेळेत आणि व्हेंटिलेटर नीट, यांच्या आधी त्याचा क्रम लागत नाही.

यंत्राचा विषय दोन परिच्छेदांत संपवतो. पद्धती दोन. एकीत सेंट्रिफ्यूजने रक्त फिरवून प्लाझ्मा वेगळा होतो. रक्तकेंद्रातलं प्लेटलेट अफेरेसिसचं, म्हणजे दात्याकडून फक्त प्लेटलेट काढून घेणारं यंत्र याच जातीचं, पण त्यावर हा उपचार करायचा तर तशी सोय आणि तसा किट आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. या पद्धतीत ५० ते १०० मिली प्रतिमिनिट रक्तप्रवाह पुरतो, दंडाच्या चांगल्या शिरा असतील तर कॅथेटरही टळतो आणि गोठू नये म्हणून सायट्रेट वापरतात. दुसरीत डायलायझरसारखाच, पण मोठ्या छिद्रांचा प्लाझ्मा फिल्टर असतो. रक्तप्रवाह १०० ते १५० मिली लागतो, म्हणून मोठा कॅथेटर हवाच, आणि सहसा हेपरिन वापरतात. सीआरआरटीच्या, म्हणजे अतिदक्षता विभागात संथ, सलग डायलिसिस करणाऱ्या बऱ्याच यंत्रांत ही सोय असते आणि डायलिसिसच्या माणसांना ती चार दिवसांत अंगवळणी पडते. आपल्याकडे डायलिसिस तंत्रज्ञ आहेत, म्हणून सुरुवात याच पद्धतीने व्हावी.

साध्या हिमोडायलिसिस यंत्रावर अल्ट्राफिल्ट्रेशन मोडमध्ये प्लाझ्मा फिल्टर लावूनही हे काम केलं जातं. त्यात काढलेला आणि दिलेला द्रव यांचा मेळ माणसाला हाताने राखावा लागतो. वजनकाट्यावर पिशवी टांगून दर १० मिनिटांनी नोंद करणारा माणूस नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. ढाक्यात तर यंत्राविनाच, रक्तपिशवीत पेशी खाली बसू देऊन वरचा प्लाझ्मा काढण्याची पद्धत २० प्रौढ जीबीएस रुग्णांत वापरून पाहिली आणि ती सुरक्षित व शक्य असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. ती अजून नेहमीची पद्धत झालेली नाही, पण गरीब ठिकाणी काय करता येतं ते त्यातून कळतं.

आता खरं काम. कॅथेटर ११.५ ते १२ फ्रेंचचा (फ्रेंच हे जाडीचं माप), दोन नळ्यांचा, सोनोग्राफीखाली टाकलेला. उजव्या मानेतून १५ सेंटीमीटर, डाव्या मानेतून २०, जांघेतून २० ते २५. जांघेत आखूड कॅथेटर टाकला की रक्त नीट ओढलं जात नाही, ॲक्सेस प्रेशर उणेमध्ये खोल जातं आणि सगळा दिवस अलार्म बंद करण्यात जातो. बैठकीआधी, गोठू नये म्हणून दोन्ही नळ्यांत भरून ठेवलेला हेपरिनचा लॉक ओढून फेकायचा. तो विसरून आत गेला तर रुग्णाला एकदम हजारो युनिट हेपरिन मिळतं.

बदली द्रवासाठी ५ टक्के अल्ब्युमिन लागतं आणि आपल्याकडे येतं ते बहुधा २० टक्क्यांचं, १०० मिलीच्या बाटलीत. एक भाग अल्ब्युमिन, तीन भाग ०.९ टक्के सलाईन : १०० मिलीत ३०० मिली सलाईन घातलं की ४०० मिली तयार. २.५ लिटरच्या बैठकीला १२५ ग्रॅम अल्ब्युमिन, म्हणजे सहा बाटल्या पूर्ण आणि सातवीतलं थोडं. पातळ करायला निर्जंतुक पाणी कधीही वापरू नये. पाण्याने द्रव हायपोटॉनिक, म्हणजे क्षारांत रक्तापेक्षा पातळ होतो, तांबड्या पेशी फुटतात, आणि अशा चुकीने जगात माणसं दगावलेली आहेत. वॉर्डात सलाईन आणि पाण्याच्या बाटल्या दिसायला सारख्याच असतात, म्हणून मिश्रण करताना दुसऱ्या माणसाने लेबल मोठ्याने वाचावं. बाटल्या वाचवायच्या तर सुरुवातीचा चौथा हिस्सा सलाईन देऊन अल्ब्युमिन नंतर द्यावं, कारण आधी दिलेल्याचा काही भाग पुढे काढलाच जातो. पण नाडी आणि रक्तदाब सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था बिघडलेल्या जीबीएस रुग्णात ही काटकसर नको, त्याचा रक्तदाब कधी कोसळेल याचा नेम नसतो.

टीटीपीसाठी रक्तकेंद्राने आधीच आकडा डोक्यात ठेवावा. ६० किलो वजन, हिमॅटोक्रिट २४ टक्के : सुमारे ३ लिटर प्लाझ्मा. २०० मिलीच्या १५ पिशव्या, एका दिवसाच्या. आठवडाभर चाललं तर शंभराच्या वर, आणि त्याही रुग्णाच्या गटाला जुळणाऱ्या. ओ गटाचा प्लाझ्मा फक्त ओ गटाच्या रुग्णाला चालतो, एबीचा कोणालाही, आणि एबीचे दाते थोडे. तिन्ही जिल्ह्यांच्या रक्तकेंद्रांनी एफएफपीचा साठा रोज एकमेकांना कळवला तरच हे जमेल. घटक वेगळे न करता पूर्ण रक्त देण्याची सवय जिथे अजून आहे तिथे ती मोडावी लागेल.

कॅल्शियमकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. एफएफपीच्या पिशवीत सायट्रेट असतं, सेंट्रिफ्यूज पद्धतीत ते वरूनही दिलं जातं, आणि अल्ब्युमिनही कॅल्शियम बांधून ठेवतं. आधी ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, मग पेटके, मग ईसीजीवर क्यूटी (हृदयाच्या ठोक्यातलं एक अंतर) लांबतो. शुद्धीतला माणूस मुंग्या सांगतो, तेव्हा प्रवाह कमी करून कॅल्शियम देता येतं. व्हेंटिलेटरवरचा जीबीएसचा रुग्ण काहीच सांगू शकत नाही, आणि त्याचे पेटके दिसावेत एवढी ताकद स्नायूंत नसते. त्याच्यासाठी मॉनिटरवरचा क्यूटी आणि एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) यंत्रावरचं आयोनाइज्ड, म्हणजे मोकळं कॅल्शियम हेच बोलतात. साधारण दर लिटरमागे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, १०-१५ मिनिटांत, वेगळ्या लाईनने. एफएफपीच्या लाईनमधून दिलं तर नळीतच गुठळी होते, सेफ्ट्रायाक्झोनबरोबर साका बनतो.

बैठक सुरू करण्याआधी औषधांचा कागद बघा. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्या २४ ते ४८ तास आधी थांबवायच्या. त्या चालू असताना अल्ब्युमिन दिलं की चेहरा लाल होऊन रक्तदाब एकदम पडू शकतो. अँटिबॉडीच्या तपासण्या, अ‍ॅडॅमटीएस-१३ आणि कावीळ-एचआयव्हीची सिरॉलॉजी यांचे नमुने पहिल्या बैठकीच्या आधी. एफएफपी दिल्यावर घेतलेल्या नमुन्यात दात्याची उत्तरं येतात. पाठीतलं पाणी काढायचं असेल तर तेही आधी. दिवसाची औषधं, विशेषतः सेफ्ट्रायाक्झोनसारखी प्रथिनांना चिकटणारी, बैठक संपल्यावर द्यायची.

आता आकडे यंत्रावर. रक्तप्रवाह १५० मिली, म्हणजे तासाला ९ लिटर रक्त. हिमॅटोक्रिट ३५ टक्के असेल तर त्यात ५.८५ लिटर प्लाझ्मा. तासाला १.२ लिटर काढला तर प्रवाहातला पाचवा हिस्सा झाला, आणि इथेच थांबावं. २.५ लिटरला दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. लवकर उरकायचं म्हणून प्लाझ्मा काढण्याचा वेग वाढवला आणि रक्तप्रवाह तसाच ठेवला, तर फिल्टरमध्ये रक्त दाट होतं, ट्रान्समेम्ब्रेन प्रेशर (फिल्टरच्या पडद्याच्या दोन बाजूंतला दाबाचा फरक) चढतं आणि पेशी पडद्यावर चिरडतात. ते प्रेशर १०० मिमीच्या खालीच राहिलं पाहिजे, आणि आकड्यापेक्षा त्याचा कल बघावा : ३० वरून हळूहळू ७० कडे चाललंय म्हणजे फिल्टर गोठतोय. हेपरिनचाही काही भाग प्लाझ्माबरोबर पिशवीत जातो, म्हणून डायलिसिसच्या सवयीची मात्रा अपुरी पडते.

काढलेल्या प्लाझ्माच्या पिशवीकडे डोळा असू द्या. गव्हाळ-पिवळा रंग ठीक. गुलाबी झाला तर थांबा, त्यातला नमुना टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन सेंट्रिफ्यूजला लावा. तांबड्या पेशी तळाला बसून वरचा द्रव स्वच्छ झाला तर पडदा फाटलाय, फिल्टर बदला. फिरवूनही गुलाबीच राहिला तर पेशी फुटताहेत : प्रेशर, दुमडलेली नळी, चुकीचं मिश्रण, या क्रमाने शोधा. कावीळ झालेल्या रुग्णाचा गडद प्लाझ्मा किंवा चरबीने दुधट झालेला प्लाझ्मा यांमुळे रक्तगळतीचा खोटा अलार्मही वाजतो. अशा वेळी अलार्म बंद करून पुढे जाण्याआधी हीच ट्यूब फिरवून बघावी. तीन मिनिटांचं काम आहे.

अल्ब्युमिनच्या एका बैठकीने फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन निम्म्याहून खाली येतं आणि सावरायला दोन-तीन दिवस लागतात. रोज बैठका असतील तर रोज मोजा. १०० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बैठकीच्या शेवटी एफएफपी किंवा क्रायो (प्लाझ्मातून काढलेला, फायब्रिनोजेन जास्त असलेला घटक). बैठक संपल्या संपल्या कॅथेटर काढू नका, जांघेतला तर नाहीच. २० किलोखालच्या मुलांचं तंत्र निराळं आहे, नळ्यांतलं रक्तच त्यांच्या अंगातल्या रक्ताच्या मानाने जास्त होतं, तेव्हा ती मुलं पहिल्या वर्षी पुढेच पाठवावीत.

वीज. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कितीतरी दिवस वीज नव्हती. वादळ नसलं तरी जूनमध्ये लाईन जातेच. यंत्राला यूपीएस हवा, आणि पंप हाताने फिरवून रक्त परत कसं द्यायचं हे प्रत्येक पाळीतल्या माणसाने प्रत्यक्ष करून दाखवलेलं असावं. सर्किटमध्ये दीड-दोनशे मिली रक्त असतं, थांबलं की काही मिनिटांत गोठू लागतं. एफएफपी उणे ३० अंशांना ठेवावा लागतो, तेव्हा जनरेटरचं डिझेल हाही या सोयीचा भाग आहे.

पैशांबद्दल एकच. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत २०२३ पासून सर्व शिधापत्रिकाधारकांना घेऊन कुटुंबामागे पाच लाखांचं संरक्षण जाहीर झालं आहे. प्लाझ्मा एक्स्चेंजचा खर्च मात्र बैठकीमागे एक ठरावीक रक्कम धरून भागत नाही. ४५ किलोच्या आणि ८५ किलोच्या माणसाच्या अल्ब्युमिनमध्ये जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. फिल्टर, अल्ब्युमिन आणि एफएफपी यांची गणना वजनाप्रमाणे वेगळी व्हावी, असा प्रस्ताव आपण तिन्ही जिल्ह्यांनी मिळून शासनाकडे पाठवावा. तोवर प्रत्येक रुग्णालयात सहा फिल्टर, ४० बाटल्या अल्ब्युमिन, दोन मापांचे कॅथेटर आणि कॅल्शियम ग्लुकोनेट एवढा साठा राहिला तर एका सरासरी प्रौढ रुग्णाच्या पाच बैठका कोणापुढे हात न पसरता होतात.

हे उभं राहीपर्यंत रुग्ण घाट चढणारच, तेव्हा निदान तो नीट पाठवावा. जीबीएसच्या रुग्णाला खोल श्वास घ्यायला लावून एका दमात, सेकंदाला दोन अशा गतीने आकडे म्हणायला सांगा. निरोगी माणूस चाळीस-पन्नासपर्यंत जातो. विसाच्या खाली आला तर अतिदक्षता विभाग, आणि पंधराच्या आसपास, खोकल्यात जोर नाही, लाळ गिळवत नाही, अशी अवस्था असेल तर श्वासनलिकेत नळी इथेच टाकून मग गाडीत घाला. ऑक्सिमीटरवर ९८ दिसतंय म्हणून थांबू नका, या आजारात तो आकडा सगळ्यात शेवटी पडतो. नळी टाकताना सक्सिनिलकोलिन हे स्नायू सैल करणारं औषध वापरू नये, पोटॅशियम चढून हृदय थांबू शकतं. सक्शन करताना नाडी मंदावते, म्हणून ती वाढवणारं ॲट्रोपिन भरून हाताशी असावं. ऑक्सिजनचा हिशोब करावा : बी टाईप सिलिंडर दीड हजार लिटरचा, मिनिटाला १० लिटर लावले तर अडीच तास. रत्नागिरी ते कोल्हापूर वाटेत काही अडलं तर एक सिलिंडर पुरत नाही. टीटीपीचा संशय असेल आणि गाडीला वेळ लागणार असेल, तर हृदय आणि फुफ्फुसं सोसतील त्या बेताने १५ ते ३० मिली प्रतिकिलो एफएफपी इथेच सुरू करा, आधी नमुना काढून ठेवा आणि तो रुग्णाबरोबर पाठवा. पलीकडच्या रुग्णालयाला फोन करून "बेड आहे का" एवढंच विचारू नका, फिल्टर आणि अल्ब्युमिन आज हातात आहे का, हे विचारा.

आपल्याकडून आम्हाला पुढील गोष्टी हव्या आहेत. तिन्ही महाविद्यालयांपैकी सीआरआरटी यंत्र आणि घटक-विलगीकरण करणारं रक्तकेंद्र एकाच आवारात जिथे आहे, तिथे पहिली सोय सुरू व्हावी. दोन तंत्रज्ञ, दोन परिचारिका आणि अतिदक्षता विभागाचा एक डॉक्टर यांना नियमित प्लाझ्मा एक्स्चेंज होणाऱ्या शासकीय रुग्णालयात महिनाभर प्रतिनियुक्तीवर पाठवावं आणि परतल्यावर किमान दोन वर्षं त्यांची बदली करू नये. पहिले रुग्ण निवडताना साधा, स्थिर रक्तदाबाचा, पन्नास-साठ किलोचा जीबीएसचा रुग्ण घ्यावा, टीटीपी आणि यकृताचे रुग्ण हात बसल्यावर. प्रत्येक बैठकीचा एक पानी तक्ता असावा : वजन, हिमॅटोक्रिट, काढलेला आणि दिलेला द्रव, दर १५ मिनिटांचा रक्तदाब, प्रेशर, दिलेलं कॅल्शियम. तक्त्याचा मसुदा, मिश्रणाचं कोष्टक आणि अलार्मची यादी आम्ही मराठीत तयार करून देऊ. बैठकीची तारीख कळवावी, आम्ही तिथे येऊन यंत्राशेजारी उभं राहून दाखवू.

आपले,
कोकणातल्या डायलिसिस, रक्तकेंद्र आणि अतिदक्षता विभागांत काम करणारे तंत्रज्ञ, परिचारिका आणि डॉक्टर